दुसऱ्यांच्या थंडीची झाडं

माझा नवरा जहाजावर इंजिनीअर आहे. कुठल्या तरी बंदरातून त्याचा फोन येतो, "आज ऑफिसात काय झालं?" मी म्हणते, "काही नाही." सात वर्षं हेच सांगत आलेय, आणि त्यात खोटं काही नाही, त्या त्या दिवशी खरंच काही झालेलं नसतं. पण चार ओळखीची माणसं जेवायला बसली आणि कुणी विषय काढला, की कळतं या 'काही नाही'चा केवढा ढीग झालाय. कपाटामागच्या धुळीसारखं असतं ते. कुणी आणून टाकत नाही, आपोआप जमतं.

तर आमचं ऑफिस सिंगापुरात, क्वीन्सटाउनला, बागा आखून देणारं. बाहेर तेहतीस अंश, आत एसी बावीसवर, आणि आम्ही भांडतोय कशावरून, तर उणे तीसमध्ये कोणतं झाड जगेल यावरून. लोक विचारतात, "सिंगापुरात बसून?" अहो, थंड देशांत हॉटेलं बांधणाऱ्यांची मुख्य ऑफिसं इथं आहेत, म्हणून त्यांच्या बागाही इथंच कागदावर उगवतात. आमच्यातल्या एकानेही अख्खा हिवाळा कुठं काढलेला नाही. मी पुण्याची. माझी थंडी म्हणजे डिसेंबरात सकाळी स्कूटी सुरू न होणं, एवढीच.

झाडांची यादी करतात जोगळेकर काका. वय एकसष्ट, पुण्यात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि चार वर्षांपूर्वी इथं आले ते मुलीसाठी. मुलगी इथं नर्स, नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात तीन वर्षांची मुलगी, ड्युट्या विचित्र. नातीला काका-काकीच सांभाळतात. आई-वडिलांना स्वतःच्या पासवर, म्हणजे इथं राहायच्या परवान्यावर, ठेवता येण्याइतकी मुलीची नोकरी मोठी नाही. म्हणजे काकांचा एम्प्लॉयमेंट पास आहे तोवर काकी इथं, आणि काकी इथं तोवर ते घर चालणार. हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. काका स्वतः कधी बोलत नाहीत.

*

आमचे बॉस मिस्टर लिम. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना झाड म्हणजे सोफा वाटतो. रंग सांगायचा, उंची सांगायची, आलं पाहिजे.

चीनच्या अगदी उत्तरेकडच्या एका गावात हॉटेलचं काम मिळालं. एकशे वीस झाडं लावायची. पहिल्याच मीटिंगमध्ये लिम म्हणाले, "गेस्ट थंडीतून येणार. दारातच ट्रॉपिकल फील पाहिजे. पाम लावता येईल का?"

काकांनी चष्मा पुसला. "येईल की."

मी चमकून बघितलं. लिम खूश.

"फक्त रोज सकाळी नवीन लावावा लागेल," काका म्हणाले.

लिमनी ते वहीत लिहून घेतलं आणि अर्ध्या तासाने मला बाजूला घेऊन विचारलं, रोज म्हणजे रविवारी पण का?

*

काकांचा एक नियम आहे, झाडाचं नाव विचारू नका, गाव विचारा. एकाच जातीचं झाड, पण बी कुठल्या गावच्या झाडाचं, यावर ते थंडीत टिकणार की नाही ते ठरतं. उबदार गावच्या बीचा बर्च उत्तरेत नेऊन लावला तर तो पहिल्या हिवाळ्यातच गार होतो. नावाच्या पाटीवर मात्र दोघेही बर्चच. लिमना हे पटवायला आम्हाला तीन मीटिंगा लागल्या.

शेवटी काका म्हणाले, "आंध्रातली मिरची आणि आमच्याकडची ढोबळी मिरची, दोन्हींना मिरचीच म्हणतात. खाऊन बघा."

लिम लगेच म्हणाले, "ओके, ओके, गाव विचारा."

एवढं सगळं करून कुठल्या तरी नर्सरीवाल्याने उबदार गावची रोपं पाठवलीच, रोपांच्या निम्म्या वजनाच्या कागदपत्रांसह. काकांनी ती परत पाठवली. त्यावरून दोन महिने मेलामेली चालली. माझं निम्मं आयुष्य त्या 'डिअर ऑल'मध्ये गेलंय.

*

प्रयोग केल्याशिवाय काकांना चैन पडत नाही. जानेवारीत त्यांनी कुठून तरी विलोच्या कोवळ्या फांद्या मागवल्या, ओल्या कागदात गुंडाळून ऑफिसच्या पॅन्ट्रीतल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. आठ दिवस गोठवायच्या, मग कापून बघायचं आतून हिरव्या आहेत की करड्या. वर चिठ्ठी, 'हात लावू नये'. चिठ्ठी मराठीत. काका म्हणाले घाईत लिहिली.

आमच्याकडे साफसफाईला एक चायनीज ऑन्टी येते. चायनीज न्यू इयर तोंडावर आलेलं, आणि तेव्हा घराघरांत विलोच्या फांद्या फुलदाणीत लावतात, शुभ म्हणून. तिने फ्रीजर साफ करताना त्या बघितल्या. बिचारीला वाटलं, ऑफिसने सजावटीसाठी आणल्यात आणि कुणी येडपटाने बर्फात कोंबल्यात.

सोमवारी काका आले तर रिसेप्शनला मोठी फुलदाणी, त्यात त्यांचा प्रयोग, आणि फांदीफांदीला लाल पाकिटं बांधलेली. लिम समोर उभे राहून फोटो काढत होते. "व्हेरी नाइस. व्हेरी प्रॉस्परस."

 काकांनी एक फांदी वाकवून नखाने साल खरवडून बघितली, वहीत दोन ओळी लिहिल्या, आणि ऑन्टीला हात जोडून हॅपी न्यू इयर म्हणाले.

मी म्हटलं, "काका, प्रयोग गेला की हो."

"गेला कुठे? चार दिवस उणे अठरा सोसून फांदी पाहुण्यांच्या समोर हसतेय. आणखी काय पाहिजे?"

*

नवऱ्याचं जहाज तेव्हा होक्काइदोच्या एका बंदरात होतं. काका मला म्हणाले, "मंजिरी, जावईबापूंना एक विनंती कर. बंदराबाहेर एखादं रस्त्याकडेचं झाड बघायला सांग. बर्फात कसं दिसतं, फांद्या वाकल्यात का, साल तडकलीय का. जरा नजरेने बघून कळवा म्हणावं."

आमचे हे इंजिन उघडून त्यातला आवाज सांगतील, पण झाड? मी फोन केला. तासाभराने यांचा फोन, मागे वारा घोंघावतोय.

"बघितलं."

"कुठलं झाड आहे?"

"पानं नसलेलं."

"अहो, सगळीच पानं नसलेली असतात आता. साल कशी आहे?"

"आहे."

"फांद्या?"

"त्या पण आहेत. हे बघ, माझी बोटं फोनला चिकटतायत. थंडी भयंकर आहे आणि झाड उभं आहे. एवढं सांग तुझ्या काकांना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सांगितलं तसंच. काका खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "इतका नेमका रिपोर्ट मला आजवर कुणी दिला नाही."

आमची इरा नववीत आहे, तिला हा किस्सा सांगितला तर म्हणाली, "ममा, युअर जॉब व्हेरी वियर्ड लाह."

*

यादी पक्की करायच्या आधी काकांनी हट्टच धरला. "उणे तीस हा आकडा मी तीस वर्षं मुलांना शिकवला, अंगावर कधी घेतला नाही. घेतल्याशिवाय यादी देणार नाही."

नवऱ्याचा एक दोस्त जुरोंगला माशांच्या कोल्ड स्टोअरमध्ये आहे. त्याला गळ घातली. शनिवारी आम्ही गेलो. काकांना जाड कोट, बूट, कानटोपी दिली. बाहेर घामाच्या धारा आणि हा माणूस एस्किमोसारखा. आत उणे पंचवीस. दोस्त म्हणाला, पाच मिनिटांत बाहेर या. काका अकरा मिनिटं राहिले. मी बाहेर काचेतून बघत होते. ते हालचाल करत नव्हते, पाय जुळवून, हात सरळ सोडून नुसते उभे.

बाहेर आले तेव्हा ओठ निळे. काकींना कळलं असतं तर त्यांनी मला उभं केलं नसतं घरात. मी गरम चहाचा कप त्यांच्या हातात धरवला.

चहा संपवून म्हणाले, "मला दार होतं गं. झाडाला मधेच बाहेर येता येत नाही."

त्या सोमवारी त्यांनी यादीतली तीन नावं खोडली. लिम चिडले, कारण त्यांतल्या दोघांना गुलाबी फुलं येणार होती.

*

हा पुढचा किस्सा मी कमी वेळा सांगते, कारण यात माझाही हात आहे.

झाडं युरोपातल्या नर्सरीतून थंड कंटेनरमधून आली. थंडीत पानं गाळून झोपलेली झाडं तशीच झोपेत न्यायची असतात, आणि पोचल्यावर बर्फ वितळताना लावायची. वाटेत सिंगापुरात आमच्या यार्डात ती तीन दिवस थांबणार होती, काकांना मुळं तपासायची होती म्हणून.

काकी म्हणाल्या, "एवढी परदेशी निघालीत पोरं, हळदीकुंकू तरी लावू." मला ते इतकं आवडलं की ताट मीच घेऊन गेले. शनिवारी सकाळी कंटेनर उघडला, काकींनी दारापाशीच्या झाडांना हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, उदबत्ती ओवाळली. उदबत्तीच्या धुराने गोदामाचा अलार्म वाजला. गार्डने धावत येऊन मेन स्विच पाडला. मग सॉरी सॉरी, थँक्यू थँक्यू झालं, दिवे आले, आम्ही दार लोटून घरी गेलो. दिवे आले म्हणजे सगळंच आलं, असं आम्हाला वाटलं. कंटेनरचा स्विच वेगळा होता. आणि रविवार-सोमवार सुट्टी.

मंगळवारी काकांनी दार ओढलं तर आतून उबट वास आला, ओल्या गवताचा. दारापाशी लार्चची झाडं होती. लार्च म्हणजे हिवाळ्यात पानं गाळणारा सुरूसारखा वृक्ष. त्यांच्या काळ्या काड्यांवर हिरवे ठिपके फुटले होते.

लिम म्हणाले, "ग्रोइंग ऑलरेडी! गुड, राइट?"

काका तिथल्या लाकडी पेटीवर बसले. माझ्याशी मराठीत बोलले. "झोपेतून उठवलं आपण त्यांना. आता बर्फात पाठवतोय."

लिमनी विचारलं, दार कुणी उघडलं होतं? मी तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "मी." काकींना आजही वाटतं, आपण झाडांना चांगलं बोळवलं.

*

झाडं एप्रिलमध्ये लागली. हॉटेलच्या मालकांनी करारात घातलंच होतं, पहिल्या हिवाळ्यानंतर एकशे वीसपैकी एकशे आठ जिवंत पाहिजेत, नाहीतर पुढची कामं दुसऱ्याला. लिमनी काकांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पास पुढच्या वर्षी जूनमध्ये संपतोय, एकशे आठ जगली तर रिन्यूअलचा अर्ज करू. नाहीतर त्यांच्याकडे काकांना द्यायला कामच नसेल.

त्या हिवाळ्यात काका रोज सकाळी फोनवर त्या गावचं तापमान बघायचे. आम्ही दुपारी खालच्या हॉकर सेंटरला जेवतो. तिथल्या फिश सूपवाल्या अंकलनी एकदा विचारलं, हे फोनमध्ये रोज काय बघतात? मी सांगितलं. तेव्हापासून रोज ऑर्डर घ्यायच्या आधी अंकलचा प्रश्न, "टुडे हाऊ मच?" काका सांगायचे, मायनस एकोणीस, मायनस चोवीस. अंकल मान हलवून उकळत्या भांड्याकडे वळायचे.

ज्या दिवशी मायनस तेहतीस झालं, त्या दिवशी त्यांनी काकांपुढे दोन बाउल ठेवले. काका शाकाहारी, फिश सूप मी खाते, त्यांच्यासाठी रोज नुसता भात आणि टोफू. ते म्हणाले, "अंकल, मी हे खात नाही."

"नॉट फॉर यू," अंकल म्हणाले. "युअर ट्री."

काका बाउलाला दोन्ही हात लावून बसून राहिले. सूप मग मीच संपवलं.

*

आणि मेमधला तो दिवस.

झाड जिवंत आहे की नाही हे पानं येण्याआधी कळतं. सालीवर नखाने खरवडायचं, आत हिरवं दिसलं तर जिवंत, करडं दिसलं तर मेलेलं. हॉटेलची एक माळीणबाई होती, साठीची, पाठीत वाकलेली. वर्षभर झाडांना तिनेच सांभाळलं. ती एकेका झाडापाशी जाऊन फोनच्या कॅमेऱ्यासमोर साल खरवडणार, तिकडची कोऑर्डिनेटर मुलगी तिचं बोलणं इंग्लिशमध्ये सांगणार, आणि इकडे आमच्या मीटिंग रूममध्ये काका यादीवर खूण करणार, असं ठरलं. भिंतीवर मोठा स्क्रीन. लिम, मी, काका.

आदल्या दिवशी मी एक गोष्ट केली होती. त्या कोऑर्डिनेटर मुलीशी मेसेजवर बोलताना मी काकांच्या पासबद्दल सांगितलं. नातीबद्दलही सांगितलं. का सांगितलं? मन भरून आलं होतं म्हणून. माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं, देवाशपथ.

सकाळी दहाला सुरू झालं. एक, हिरवं. दोन, हिरवं. बर्च सगळे हिरवे. मेपल सगळे हिरवे. उभी होती हो, एकूण एक. मला रडूच यायला लागलं. मग लार्च आले. पहिला करडा निघाला. बाई खाली बसली, बुंध्याशी खरवडलं, तिथंही करडा. काकांनी फुली मारली. दारापाशीचेच होते ते सगळे, मला दिसत होतं, काकांनाही दिसत असणार. साडेबारापर्यंत अकरा फुल्या झाल्या. एकशे सतराव्या झाडाला बारावी.

लिम उठून उभे राहिले. तीन झाडं उरली होती आणि तिन्ही हिरवी निघायलाच हवी होती. एकशे अठरा, हिरवं. एकशे एकोणीस, हिरवं. कॅमेरा हलला, जमीन दिसली, बाईचे बूट दिसले, ती बरीच चालली. मग एक झाड आलं, बाईने साल खरवडली. ओलं, चकचकीत हिरवं.

"वन ट्वेंटी," कोऑर्डिनेटर म्हणाली. "ग्रीन."

लिमनी टेबलावर थाप मारली. मी काकांचा खांदा धरला. काका स्क्रीनकडेच बघत होते. त्या झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन फाटे फुटले होते, सायकलच्या हँडलसारखे. मला ते झाड ओळखीचं वाटलं.

"मंजिरी," काका म्हणाले, "हे झाड मघाशी झालं."

"काका, असू द्या ना."

"एक्केचाळीस नंबर आहे हा. त्यांना सांग, एकशे वीस दाखवा."

मी सांगितलं नाही. काकांनीच इंग्लिशमध्ये सांगितलं, अगदी हळू, शिकवायच्या आवाजात. तिकडे मुलीने बाईला सांगितलं. बाई फोनकडे बघत राहिली. तिचा चेहरा स्क्रीनभर होता, थंडीने फुटलेले गाल. ती काहीतरी बोलली. मुलीने ते भाषांतरित केलं नाही.

मग ती चालत कुंपणाच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक लार्च होता. वरती खरवडलं, करडं. मध्ये, करडं. ती मातीत गुडघे टेकून बसली आणि मुळापाशी तिने खूप वेळ खरवडलं.

काकांनी तेरावी फुली मारली. लिम केबिनमध्ये निघून गेले. काकांनी यादी फिरवून मागच्या कोऱ्या बाजूला एक नाव लिहिलं, त्याखाली बी कुठल्या गावचं असावं ते लिहिलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"त्या खड्ड्यात हे लावा म्हणावं, ऑक्टोबरात. बाईंना सांग, बाकीची फार छान सांभाळलीत. आणि लागलं की मला कळवायला सांग." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पुण्याचा नंबर दे."